पाच मिनिटं गोड्या पाण्यात

पांढुर्णा, २७ ऑक्टोबर २०२५

रूपाली,

खुशाली विचारत नाही. घर सोडून जाताना तू आणि माझा भाऊ विनोद, दोघांनी मला एका शब्दानं सांगितलं नाही, वर माझा नंबरही बंद करून टाकला. मग तुमची खुशाली तुमच्यापाशीच राहू दे. पत्र लिहायचं कारण एवढंच, की तुझे मासे मरायला टेकले आहेत आणि मला त्यांची किळस येते.

किळस हा शब्द मी उगाच वापरत नाही. माझं काम तुला माहीत आहे. सकाळी नऊपासून लॅबमध्ये मी लोकांच्या विष्ठेच्या डब्या उघडते, काचेवर थेंब घेते, सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी शोधते आणि दुपारी तिथंच बसून पोळी-भाजी खाते. मला कधी काही वाटलं नाही. पण तुझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत कोपरापर्यंत हात घालायचा म्हटलं की मी बाही वर करून नुसतीच उभी राहते. तो फेस गोळा करणारा पेला, ज्यात माशांची घाण काळी होऊन साचते, तो मी परवा पहिल्यांदा रिकामा केला आणि तिथंच न्हाणीत ओकले. तू हे रोज करायचीस आणि वर गाणं गुणगुणायचीस. धन्य आहे तुझी.

आता माशांचं ऐक. बाबांनी त्यांना नावं ठेवली आहेत. तुमच्या लग्नाच्या आठवड्यात आणलेली ती नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची जोडी म्हणजे संत्रे आणि तो चपटा पिवळा म्हणजे मोसंबी. मोसंबी दिवसभर दगडाला अंग घासतो. घासून घासून पोटाजवळची कातडी गेली आहे, आतलं लाल दिसतं. संत्र्यांतली मोठी मादी कोपऱ्यात उभी राहून भराभर कल्ले हलवते आणि तिच्या एका डोळ्यावर दुधासारखा पडदा आला आहे. अंगावर ठिपके नाहीत, पुरळ नाही, काही म्हणता काही नाही. तरी काहीतरी त्यांना जिवंत खातंय, एवढं मला कळतं.

कुठून आलं तेही सांगते. तुम्ही होता तेव्हा बाबा या माशांना 'ना खायचे ना विकायचे' म्हणून नाक मुरडायचे. तुम्ही गेल्यावर मात्र त्यांचा सकाळचा चहा टाकीसमोर व्हायला लागला. दसऱ्याला गुणवंताकाका संत्र्याची गाडी घेऊन नागपूरला निघाले, तर बाबांनी त्यांच्याकडून एक निळा मासा मागवला. पिशवी फोडली आणि मासा पाण्यासकट टाकीत ओतला. हेच बाबा तिगावच्या आपल्या संत्र्याच्या बगीच्यात नवी कलमं आली की जुन्या झाडांपासून लांब, बांधापलीकडं ठेवतात. खोडातून डिंक गळत नाही ना ते महिनाभर पाहतात आणि मगच खड्ड्यात लावतात. मी विचारलं, माशाला तो कायदा का नाही? तर म्हणाले, "त्याले काय डिंक येऊन राहिला?" निळा मासा आठवड्यात मेला आणि जे काय आणलं होतं ते मागं ठेवून गेला.

तुझा पत्ता तुझ्या वडिलांकडून घेतला. सौंसरला नगरपालिकेतून ते घरी यायची वाट पाहत मी तुमच्या ओसरीवर बसले होते. देवीदासजींनी पत्ता दिला, भोपाळला विनोदचं काम बरं चाललंय म्हणाले, एवढंच. एक गोष्ट मात्र मला विचित्र वाटली. मला बसवल्यावर त्यांनी विचारलं, "पाणी घेता का?" उन्हातून आलेल्या माणसाला कोणी असं विचारतं का? गिलास आणूनच देतात. मी दोन गिलास प्यायले, तर तुझी आई दारात उभी राहून पाहत होती.

घरी बाकी ठीक. तुझं आरओचं मशीन बंद पडलं आहे आणि नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा वास मारतो, तेव्हा टाकीत भर घालायला शुद्ध पाणी नाही. पोळ्याच्या आधी वानरांनी माठ फोडला तो तुझ्यासमोरच, तेव्हापासून बाबा प्यायचं पाणी स्टीलच्या त्या मोठ्या भांड्यात, गंजात, ठेवतात. विहिरीवरून कॅन आणायचा आणि गंज भरायचा हे काम आता रोज माझंच.

काय करायचं ते लिही. माझ्यासाठी नको लिहू, त्या मुक्या जिवांसाठी लिही.

नलिनी


पांढुर्णा, ४ नोव्हेंबर २०२५

रूपाली,

उत्तर नाही. बरं. तू लिहीस तोवर इथं काय झालं ते वाच आणि जेवणाआधी वाचू नकोस.

शनिवारी मी लॅबमधून आले तर घरात कुजकट वास आणि टाकीतलं पाणी फिक्कट निळं, ताकासारखं. बाबा समोर खुर्ची टाकून समाधानानं बसलेले. त्यांनी मोरचूद आणि चुना कालवून टाकीत टाकला होता. डिंक्या आलेल्या संत्र्याच्या खोडाला फासतात, तेच औषध. गुणवंताकाकांच्या नातवानं मोबाईलवर पाहून सांगितलं म्हणे, की समुद्रातल्या माशांना तांबं देतात. मोरचुदात तांबं आहे हे बाबांना पन्नास वर्षांपासून माहीत. घरात पोतं पडलेलंच होतं.

मी ओरडले तर म्हणाले, "झाडाले चालते, माणसाच्या खरजेले चालते, मंग त्याले काहून नाही चालणार?"

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय. तुझे ते लाल पट्ट्यांचे दोन झिंगे उताणे पडले होते, पाय वर करून. गोगलगाई शंखातून अर्ध्या बाहेर लोंबत होत्या आणि सडायला लागल्या होत्या. मी नाकाला ओढणी बांधून त्या चिमट्यानं वेचल्या. एक बोटाखाली फुटली. तो वास अजून माझ्या नखांत आहे. साबण, लिंबू, डेटॉल सगळं झालं. आज लॅबमध्ये रक्ताची काच धरताना मला माझ्याच बोटांची शिसारी आली.

मासे मी त्याच वेळी बाहेर काढले. कोठीत तुझ्या मिठाची एक पिशवी होती आणि बाबांचा दोन दिवसांपूर्वीचा विहिरीच्या पाण्याचा कॅन. मोठ्या टबात कालवलं, खारटपणा मोजायची तुझी नळी लावून पाहिली, पाणी ऊबदार ठेवायची काचेची कांडी आणि हवेची नळी टाकली. तू कसं करायचीस ते मी कधी नीट पाहिलं नव्हतं, पण डोळ्यांनी आपोआप पाहून ठेवलेलं दिसतं. संत्र्यांची जोडी टबात जगली. मोसंबी सकाळी तळाशी आडवा होता. बाबांनी त्याला हातात घेतलं आणि बगीच्यातल्या एका मोसंबीच्या झाडाखाली पुरलं. ते आल्यावर रडले. मला कीव यायला पाहिजे होती, पण त्यांच्या मिशीला चिकटलेला माशाचा चिकट पाहून मी तोंड फिरवलं.

मोसंबीला पुरण्याआधी मी त्याच्या अंगावरचा चिकट डबीत खरवडून घेतला आणि सोमवारी लॅबमध्ये नेला, हे बाबांना सांगू नकोस. आमच्या डॉक्टरांना कळलं तर नोकरी जाईल. सगळे गेल्यावर तो काचेवर घेतला. मला वाटलं होतं, मोबाईलवर दाखवतात तसे गोल गरगर फिरणारे जीव दिसतील. तसलं काही नाही. पण अंडी दिसली. माणसाच्या जंतांची सगळी अंडी मी ओळखते, ही त्यातली नव्हती. तिकोनी, पिवळट, आणि प्रत्येकाला लांबच लांब दोरा, आणि ते दोरे एकमेकांत गुंतून त्याचा गुंता झालेला. न्हाणीच्या मोरीत अडकलेल्या केसांसारखा. मी सूक्ष्मदर्शक तीनदा स्पिरिटनं पुसला.

ही अंडी कसली आहेत तेवढं सांग. मादीचा दुसरा डोळाही आता धूसर झाला आहे. ती नराला शोधत टबाच्या भिंतीला नाक लावून फिरते. तुमच्या लग्नाचे मासे आहेत, रूपाली. रिसेप्शनला बाबा माईकवर म्हणाले होते, "आम्ही जातपात मानत नाही, पोरगी घरात आली म्हणजे घरचीच." त्या रात्री तू ही जोडी मला दाखवलीस आणि म्हणालीस, ताई, हे दोघं एकमेकांना सोडत नाहीत. हे मला आठवतं आणि तुझा राग येतो. इतकं तोंड भरून ताई म्हणणारी माणसं असं न बोलता कशी निघून जातात?

नलिनी


पांढुर्णा, १५ नोव्हेंबर २०२५

रूपाली,

तुझं पार्सल आलं. पुडी, हातमोजे आणि अर्ध्या पानाची चिठ्ठी. वर 'नलिनीताई' आणि खाली 'रूपाली', मध्ये फक्त मासे.

तरी वाचून बरं वाटलं. मी रोग ओळखला नाही, पण अंडं बरोबर पाहिलं, एवढी शाबासकी मी स्वतःला दिली. तर हे चपटे कृमी आहेत, अंगाला, डोळ्याला, कल्ल्याला आकड्यांनी चिकटून बसतात आणि काचेसारखे आरपार असतात, म्हणून माशावर असून दिसत नाहीत. गुरांच्या काळजात होतात त्यांचेच भाऊबंद. मोरचुदानं त्यांचं काही वाकडं होत नाही, झिंगे तेवढे फुकट मेले. आणि टाकीतल्या दगडांनी तांबं पिऊन घेतलं आहे, वर ती दोरेवाली अंडी काचेला चिकटली आहेत, तेव्हा ती टाकी आता रिकामी करून उन्हात वाळवायची, त्यात पुन्हा जीव सोडायचा नाही. हे सगळं कळलं.

पहिलं काम तू लिहिलंस ते गोड्या पाण्याचं. मासा पाच मिनिटं बिनमिठाच्या पाण्यात ठेवायचा. माशाला सोसतं, कृमीला सोसत नाही. तो पांढरा पडतो, मग दिसतो, मग गळून पडतो. दिसले की रोग नक्की आणि गळले की अर्धा इलाज झाला. मासा आडवा पडला तरी घाबरायचं नाही, पण श्वास थांबला तर लगेच मिठाच्या पाण्यात. त्यानंतर नव्या टबात पुडीचं औषध. अंड्यांना औषध लागत नाही, ती फुटून पोरं बाहेर आली की पुन्हा एकदा. जंतांच्या रोग्याला आमचे डॉक्टर तरी दुसरं काय सांगतात.

एक ओळ मात्र मला समजली नाही. तू लिहितेस, 'नळाचं पाणी नको, विहिरीचं चालेल. विहिरीचं पाणी बाबांच्या गंजात असतं, पण ते घ्यायच्या आधी त्यांना विचारा.' विचारायचं काय त्यात? घरातलं पाणी आहे. तू घरात राहून गेलेली मुलगी, अशी पाहुण्यासारखी कधीपासून लिहायला लागलीस? मला वाचून वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. उद्या रविवार, मला सुट्टी आहे. उद्याच करते.

नलिनी


पांढुर्णा, १६ नोव्हेंबर २०२५

रूपाली,

संध्याकाळचे चार वाजलेत. मी बगीच्यात येऊन, पंपाच्या खोलीत बसून लिहिते आहे, कारण घरात बसवत नाही.

सकाळी कॅन रिकामा होता. मी बाबांना म्हटलं, तुमच्या गंजातलं पाणी घेते, परातीत ओतून माशांना बुडवायचं आहे. विचारलं, तू सांगितलंस म्हणून विचारलं. ते म्हणाले, परात पसरट, मासा उडी मारेल, गंजच घे. आणि स्वतः देवघराजवळच्या घडवंचीवरून तो गंज उचलून आणला, अर्धा भरलेला. मी बंबातलं थोडं गरम पाणी घालून टबाइतकं ऊबदार केलं, हवेची नळी सोडली. हातमोजे घातले. आधी मादीला जाळीत घेऊन गंजात सोडलं.

थोडा वेळ काही झालं नाही. ती एका कुशीवर कलली. मग तिच्या डोळ्यावरचा तो पडदा, ज्याला मी मोतीबिंदू समजत होते, तो हलला. रूपाली, तो पडदा नव्हता. डोळ्यावर तीन कृमी एकमेकांवर बसले होते. ते पांढरे होत गेले, कडांनी वळले आणि सुटले. मग पाठीवर, पंखाखाली, गालावर, जिथं आत्तापर्यंत फक्त नारिंगी रंग होता तिथं तांदळाच्या कणीसारखे पांढरे तुकडे उगवायला लागले. एवढे सगळे तिच्या अंगावर होते, आणि मी रोज पाहत होते, आणि मला दिसत नव्हते. ते तळाशी पडत गेले, काही पडतानाही आकसत होते. मी म्हटलं, बाबा, तुम्ही यातलं पाणी पिता, आता हा गंज फेकून द्यावा लागेल.

बाबा वाकून पाहत होते. कौतुकानं. त्यांनी नजर न उचलता म्हटलं, "फेकाचं काय काम? स्टील आहे ना. राखेनं घासलं का झालं. मातीचा राहिला असता तर गोष्ट वेगळी. मातीचं बाटलं का मंग फोडाच लागते, त्या माठासारखं."

मी म्हटलं, माठ तर वानरांनी फोडला.

"वानर कायचे. सुनेनं भरला होता ना तो. तू कामावर गेलती. मी दोन घोट घेणारच होतो, पाहिलं म्हणून बरं झालं."

माझ्या हातात जाळी होती आणि जाळीखाली मासा. अजून दोन मिनिटं बाकी होती. काढली असती तर अर्धे कृमी तसेच राहिले असते. मी हलू शकत नव्हते, आणि ते बोलत होते, भाव विचारल्यावर बाजारातलं सांगावं तसं. मी विचारलं, तिच्यासमोर फोडला?

"मांगच्या दारी फोडला. ती तिथंच भांडे घासून राहिली होती. काही बोलली नाही, बिचारी. चांगली पोरगी आहे ते."

चांगली पोरगी आहे ते. याच शब्दांत, रूपाली, आणि त्यात खोट नव्हती. त्यांना तू आवडतेस. मला वाटलं होतं, वाईट माणूस वाईट दिसतो. त्यांच्या मिशीवर पाण्याचा थेंब होता आणि डोळ्यांत त्या माशाची माया होती, आणि त्याच तोंडातून हे आलं. मला त्या गंजातल्या कृमींपेक्षा त्या क्षणी माझ्या बापाची जास्त किळस आली.

पाच मिनिटं झाली. मादीला औषधाच्या टबात सोडलं. मग नर. त्याच्या अंगावरूनही पडले, थोडे कमी. मी सगळं मुकाट्यानं केलं. एक कृमी काचेवर घेऊन ठेवला आहे, का ते ठाऊक नाही. पुढं दोन चूषक आणि मागं मोठी गोल चकती, तिला आकडे. धरून ठेवायची काय ती सोय.

बाबांनी गंज मोरीत ओतला, मूठभर राख घेतली, नारळाच्या शेंडीनं घासला, तीनदा विसळला आणि पालथा घातला. विहिरीवरून नवा कॅन आल्यावर मला म्हणाले, बाई, भरून ठेव. मी भरला नाही. त्यांनी स्वतः भरला, गिलास बुडवला आणि प्यायले. मी पाहत होते. सकाळी ज्याच्या तळाशी किडे वळवळले, त्या भांड्यातून दुपारी बारा वाजता घटाघटा पाणी प्यायले आणि मिशी पुसून म्हणाले, "गोड पाणी आहे आपल्या विहिरीचं."

मग मी बोलले. म्हटलं, बाबा, माझे हात पाहा. वीस वर्षांपासून मी गावाची विष्ठा चिवडते. कोणाची आहे, कोणत्या वस्तीतली आहे, डबीवर नाव असतं, जात नसते. याच हातांनी तुमचं पाणी भरते. ते तुम्हाला चालतं?

त्यांना प्रश्न समजलाच नाही. "तू तर माही पोरगी आहेस," म्हणाले.

एवढंच त्यांच्याकडं उत्तर आहे. त्याच्या मागं दुसरं काही नाही, मी खूप शोधलं. नवा मासा वेगळा ठेवायचा होता, तो त्यांनी हौसेनं सगळ्यांत सोडला. आणि ज्या हातांनी हे मासे वाढवले ते मात्र त्यांनी पाण्याजवळ येऊ दिले नाहीत.

मला आता देवीदासजींचं 'पाणी घेता का' कळलं. तुझी आई दारात का उभी होती तेही कळलं. 'त्यांना विचारा' कळलं. तुम्ही फोन का बंद केलात तेही कळलं. मी तुला न बोलता गेलीस म्हणून दोन पत्रं भरून टोमणे मारले. तू मला सांगितलं असतंस तर मी विश्वास ठेवला असता का, याचं उत्तर तूच मनात देऊन गेलेली दिसतेस.

नलिनी


पांढुर्णा, २५ नोव्हेंबर २०२५

रूपाली,

मासे बरे आहेत, आधी तेच सांगते. आज दुसऱ्यांदा औषध दिलं. मादीचे दोन्ही डोळे स्वच्छ झाले आहेत आणि ती खाण्यासाठी माझ्या बोटाला चावते. तिचा चावा लागत नाही पण माझ्या अंगावर काटा येतो, तो अजून गेला नाही आणि जाणार नाही. प्रेम-बिम जडलं असं समजू नकोस.

टाकी मी रिकामी केली. दगड अंगणात वाळत पडले आहेत, त्यांच्या भेगांतून मेलेले किडे गळतात आणि माश्या घोंगावतात. बाबा रोज एकदा तिथं जाऊन उभे राहतात. परवा विचारलं, मासे परत केव्हा टाकायचे? मी सांगितलं, या घरात परत नाही. ते म्हणाले, गावातल्या दुसऱ्या कोणाले नको देऊ, रूपालीलेच दे, तिनं सांभाळले ते. एवढं म्हणाले. तुझं नाव त्यांनी घेतलं म्हणून मी विरघळले नाही, तूही विरघळू नकोस.

त्यांचा गंज मी भरत नाही. दोन-तीन दिवस त्यांना वाटलं, मी विसरते. मग समजले. आता ते स्वतः कॅन घेऊन सायकलवर विहिरीपर्यंत जातात. या वयात. शेजारच्या लीलाबाई मला म्हणाल्या, म्हाताऱ्याले असं फिरवून राहिली, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, ते पाणी फक्त बाबांच्याच हातचं शुद्ध आहे, मी तरी काय करू. लीलाबाईंकडंही धुणीभांडीवालीचा कप कपाटाच्या खाली वेगळा असतो, तो मला इतकी वर्षं दिसत होता. परवा पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं.

विनोदला माठाचं तू सांगितलंस की नाही, मला माहीत नाही. सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव. माझ्याकडून त्याला कळणार नाही. मी तुला घरी ये म्हणणार नाही. माफी मागायला बाबांना सांगावं असंही मला वाटलं होतं, पण माफी म्हणजे काय मागायचं हेच ज्याला ठाऊक नाही, त्यानं मागितली तर ती अजून एक घाण होईल. ती तुझ्यापर्यंत येऊ नये.

रविवारी सकाळच्या गाडीनं मी भोपाळला येते. दोन दुहेरी पिशव्या, खाली पाणी, वर हवा, थर्माकोलच्या डब्यात. तू लिहिलंस तसं आदल्या दिवशी त्यांना खायला देणार नाही, नाहीतर पिशवीत घाण करतील आणि तीच गाडीभर माझ्या मांडीवर. डब्यावर 'संत्री' लिहून ठेवते, म्हणजे कोणी विचारणार नाही, पांढुर्ण्याचं माणूस दुसरं काय नेतं. तुझ्याकडं नवी टाकी तयार असेल तरी त्यांना एकदम सोडू नकोस. आधी वेगळ्या टबात ठेव. हे तुला सांगायला नको, पण मीच आता वेगळं ठेवायचं म्हणजे काय आणि कोणाला, ते शिकून बसले आहे.

स्टेशनवर कोणी येऊ नका. पत्ता माझ्याकडं आहे. मी दुपारी पोचेन, उन्हातून, डबा घेऊन. मासे डब्यातच राहू दे, ते तासभर थांबतील. मला पाणी घेता का असं विचारू नकोस. दारातच, तुझ्या हातानं, गिलास दे.

नलिनी